मेपल लीफ्सचा २०१५ चा उन्हाळा : अफवा, अदलाबदल आणि विभागातील समीकरणे

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवळीवरचा खेळ आणि ऑलिंपिक पदके डोळ्यांसमोर येतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा राष्ट्रीय हॉकी लीग अर्थात एनएचएलचा हंगाम जूनमध्ये स्टॅनले चषकाच्या प्रदानाने संपतो. खेळ थांबतो, चर्चा थांबत नाही. कोणता खेळाडू कोठे जाणार, कोणाच्या बदल्यात कोण येणार, याच्या अफवांना तेव्हाच ऊत येतो. १ जुलैला करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो आणि कॅनडातील क्रीडावाहिन्या दिवसभर त्याचेच प्रक्षेपण करतात. नव्याने उभारणी करणाऱ्या संघाच्या दृष्टीने हा काळ प्रत्यक्ष हंगामाइतकाच निर्णायक ठरतो. टोरांटो मेपल लीफ्स संघाचा २०१५ चा उन्हाळा हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

मेपल लीफ्सने स्टॅनले चषक १३ वेळा जिंकला. मात्र त्यातील अखेरचा १९६७ मध्ये. २००५-०६ ते २०१४-१५ या दहा हंगामांत हा संघ केवळ एकदा, २०१३ मध्ये, बाद फेरीत पोहोचला. त्या वेळीही बोस्टन ब्रुइन्सविरुद्धच्या सातव्या व निर्णायक सामन्यात ४-१ अशी आघाडी असताना अतिरिक्त वेळेत ४-५ असा पराभव पदरी पडला.

एप्रिल २०१४ मध्ये माजी खेळाडू ब्रेंडन शॅनहन यांच्याकडे संघाचे अध्यक्षपद आले. २०१४-१५ च्या हंगामात ३० संघांत २७ वे स्थान मिळाल्यावर सरव्यवस्थापक डेव्ह नोनिस यांना दूर करण्यात आले. प्रशिक्षक रँडी कार्लाइल यांची गच्छंती जानेवारीतच झाली होती. मे महिन्यात डेट्रॉइटचे माइक बॅबकॉक यांना आठ वर्षांच्या, ५ कोटी डॉलरच्या करारावर आणण्यात आले. जुलैमध्ये न्यू जर्सी संघाला तीन चषक मिळवून देणारे लू लामोरिएलो सरव्यवस्थापक झाले. जुन्या संघाची डागडुजी न करता पायापासून नवा संघ उभारायचा, हे धोरण या नेमणुकांतून स्पष्ट झाले होते.

अफवेमागील अर्थकारण

एनएचएलमध्ये २००५-०६ पासून वेतनमर्यादा लागू आहे. त्याआधीचा संपूर्ण हंगाम मालक व खेळाडू यांच्यातील वादात रद्द झाला होता. २०१५-१६ साठी ही मर्यादा प्रत्येक संघाला ७ कोटी १४ लाख डॉलर होती. मालक कितीही धनाढ्य असला तरी ती ओलांडता येत नाही. त्यामुळे अदलाबदलीत खेळाडूच्या कौशल्याबरोबरच त्याच्या कराराचाही सौदा होतो.

अफवेत तथ्य किती, हे पाहण्यासाठी जाणकार चार गोष्टी तपासतात. पहिली, कराराची उरलेली वर्षे व रक्कम. दुसरी, खेळाडूचे वय. संघ पुन्हा स्पर्धेत उतरेल तेव्हा तो कितीचा असेल? तिसरी, करारातील बदलीविरोधी कलम. असे कलम असल्यास खेळाडू काही किंवा सर्व संघांना नकार देऊ शकतो. चौथी, घेणाऱ्या संघाकडे मर्यादेत शिल्लक असलेली जागा. ती अपुरी असेल तर देणारा संघ वेतनाचा काही भाग स्वतः उचलतो. या चारही कसोट्यांवर न टिकणारी अफवा सहसा वर्तमानपत्राच्या रकान्यातच विरते.

केंद्रस्थानी केसेल

त्या उन्हाळ्यात सर्वाधिक चर्चा फिल केसेल या आघाडीच्या खेळाडूची होती. टोरांटोतील सहाही हंगामांत संघातर्फे सर्वाधिक गुण त्याचेच होते. तथापि त्याचा आठ वर्षांचा, ६ कोटी ४० लाख डॉलरचा करार २०२२ पर्यंतचा होता. वय २७ होते. नवा संघ तयार होईपर्यंत त्याची उमेदीची वर्षे सरणार, हे उघड होते. बदलीविरोधी कलमामुळे तो मोजक्याच संघांकडे जाऊ शकत होता.

अखेर १ जुलै २०१५ रोजी अफवा खरी ठरली. केसेल पिट्सबर्ग पेंग्विन्सकडे गेला. मोबदल्यात कॅस्पेरी कापानेन हा १८ वर्षांचा खेळाडू, निक स्पॉलिंग, स्कॉट हॅरिंग्टन आणि ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, पहिल्या फेरीचा सशर्त हक्क टोरांटोला मिळाला. केसेलच्या वेतनातील वार्षिक १२ लाख डॉलर २०२२ पर्यंत टोरांटोनेच सोसायचे, असेही ठरले. अनेक चाहत्यांना हा सौदा तोट्याचा वाटला. केसेलने पुढे २०१६ व २०१७ मध्ये पिट्सबर्गबरोबर लागोपाठ दोन वेळा चषक उंचावला, तेव्हा ही भावना अधिकच तीव्र झाली.

या प्रकरणाला जुना संदर्भ होता. २००९ मध्ये केसेलला बोस्टनकडून घेताना टोरांटोने पहिल्या फेरीचे दोन हक्क देऊन टाकले होते. त्यांतून बोस्टनने टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन हे खेळाडू निवडले. संघ कच्चा असताना भविष्य गहाण टाकल्याची ही किंमत होती. नव्या व्यवस्थापनाने नेमका हाच क्रम उलटा केला.

अटलांटिक विभागातील चित्र

अटलांटिक विभागात आठ संघ आहेत. प्रत्येक विभागातील पहिले तीन संघ थेट बाद फेरीत जातात. पूर्वेकडील दोन विभाग मिळून आणखी दोघांना संधी मिळते. २०१४-१५ मध्ये माँट्रियल ११०, टॅम्पा बे १०८, डेट्रॉइट १००, ओटावा ९९, बोस्टन ९६, फ्लोरिडा ९१, टोरांटो ६८ आणि बफेलो ५४ अशी गुणसंख्या होती. सहाव्या क्रमांकाचा संघही टोरांटोच्या २३ गुणांनी पुढे होता. एखादा नामवंत खेळाडू आणून हे अंतर भरून निघण्यासारखे नव्हते.

शिवाय प्रतिस्पर्धीही स्वस्थ नव्हते. बफेलोने ड्राफ्टमध्ये जॅक आयकेलची निवड केली आणि रायन ओ'रायलीला संघात आणले. बोस्टनने हॅमिल्टनला कॅलगरीकडे धाडून निवडीचे हक्क गोळा केले. टॅम्पा बे नुकताच अंतिम फेरी खेळून आला होता.

विभागाचे भाकीत किती बेभरवशाचे असते, हेही त्या वर्षी दिसले. गोलरक्षक केरी प्राइस जायबंदी होताच माँट्रियल ८२ गुणांवर घसरला, तर फ्लोरिडाने १०३ गुणांसह विभागात अव्वल स्थान पटकावले.

तळाचे स्थान आणि त्याचे फळ

टोरांटोबाबतचे भाकीत मात्र चुकले नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये कर्णधार डियॉन फॅन्युफलाही नऊ खेळाडूंच्या सौद्यात ओटावाकडे पाठविण्यात आले. ६९ गुणांसह टोरांटो लीगमध्ये शेवटचा आला. मुद्दाम हरण्याचा मोह टळावा म्हणून पहिल्या निवडीसाठी सोडत काढली जाते; शेवटच्या संघाची शक्यता तेव्हा २० टक्के होती. सोडत टोरांटोच्या बाजूने लागली आणि ऑस्टन मॅथ्यूज संघात आला. केसेलच्या मोबदल्यात मिळालेला पहिल्या फेरीचा हक्क पुढे करून अनाहाइमकडून गोलरक्षक फ्रेडरिक अँडरसनला घेण्यात आले. २०१५ च्या ड्राफ्टमधील मिच मार्नर होताच. २०१६-१७ मध्ये मॅथ्यूजने ४० गोल केले, टोरांटोने ९५ गुण मिळवून बाद फेरी गाठली.

पुढील हिशेब

नवोदितांचे पहिले करार स्वस्त असतात; ते संपताच खरे बिल समोर येते. २०१८ मध्ये जॉन टॅव्हारेसला सात वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलर देण्यात आले. त्यानंतर मॅथ्यूज, मार्नर आणि विल्यम निलँडर यांचे करार झाले. २०२० मध्ये वेतनमर्यादा ८ कोटी १५ लाखांवर थांबली, तेव्हा यातील सुमारे निम्मी रक्कम या चौघांवरच खर्च होत होती. २००४ नंतर बाद फेरीतील पहिली मालिका जिंकायला टोरांटोला २०२३ उजाडले. २०२५ मध्ये फ्लोरिडाने सातव्या सामन्यात टोरांटोला बाहेर काढले. त्याच महिन्यात शॅनहन यांचा कार्यकाळ संपला आणि काही आठवड्यांतच मार्नर व्हेगासकडे गेला.

याच विभागातील बफेलोला २०१२ ते २०२५ या काळात एकदाही बाद फेरी गाठता आली नाही. उलट टॅम्पा बेने २०२० व २०२१ मध्ये, तर फ्लोरिडाने २०२४ व २०२५ मध्ये चषक जिंकला. फ्लोरिडाने तर २०११ च्या ड्राफ्टमधील आपला जोनाथन ह्युबर्डो २०२२ मध्ये देऊन मॅथ्यू टकाचक मिळविला. सारांश, ड्राफ्टमधील पहिली निवड ही पुनर्बांधणीची सुरुवात असते. मिळालेल्या तरुणांपैकी कोणाला किती मोबदल्यात ठेवायचे आणि कोणाला केव्हा सोडायचे, हा निर्णय त्याहून अवघड असतो. उन्हाळ्यातील अफवा या निर्णयाभोवतीच फिरत असतात.