अँबॅसिडरचा हॉर्न आणि हरवलेला ‘अर्थ’



आपल्या इंदुरात त्या काळी गाडी म्हणजे फियाट, नाहीतर अँबॅसिडर. माझ्याकडे आहे ती 1970 सालची मार्क टू, बँकेच्या स्टाफ लोनवर सेकंड-हँड घेतलेली. तिचा हॉर्न आजवर कितीदा तरी रुसला. तो बोलता करणारे जुने वायरमन आता राहिले नाहीत, गाड्या मात्र काही घरांत अजून उभ्या आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

ही गाडी मुळात इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. हिंदुस्तान मोटर्स 1942 मध्ये गुजरातेत ओखा बंदरावर सुरू झाली आणि पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. तिथे आधी लँडमास्टर निघाली, मग पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अँबॅसिडर. ती थेट 2014 पर्यंत निघत राहिली.

आता हॉर्न. घरातल्या दिव्याचं बटण करंटच्या वाटेत असतं, इथे उलटं आहे. बॅटरीचा करंट फ्यूजमधून हॉर्नपर्यंत कायम आलेला असतो, किल्ली लावलेली असो वा नसो. हॉर्नची दुसरी वायर स्टिअरिंगच्या दांड्यातून वर बटणाकडे जाते. बटण दाबलं की ती गाडीच्या लोखंडाला टेकते, म्हणजे ‘अर्थ’ मिळतो, आणि हॉर्न वाजतो. वर एकच वायर न्यायची, परतीचं काम लोखंड करतं. इंग्रज माणूस हिशेबी, तांबं वाचवलं!

हे मला आमच्या भागातल्या एका वायरमन काकांनी शिकवलं. स्वतः हिंदी भाषक, पण माझ्या आईशी मराठीतच बोलायचे. त्यांचा नियम असा, “साहब, पहले हॉर्न से पूछो.” बॅटरीपासून दोन सुट्या वायरी थेट हॉर्नला लावायच्या. वाजला तर हॉर्न निर्दोष. मग टेस्ट लँपचं एक टोक बॉडीला आणि दुसरं करंटच्या वायरला लावायचं. दिवा लागला तर फ्यूजही ठीक. शेवटी बटणाकडे जाणारी वायर हॉर्नपाशी सोडवायची आणि हॉर्नचं ते टोक जोडवायरने बॉडीला टेकवायचं. आता वाजला, तर खोट वर दांड्यात किंवा बटणात. तेरीज जुळत नसली की आम्ही एकेक खातं बाजूला काढत फरक शोधायचो, अगदी तसंच.

एकदा पावसाळ्यात रात्री हॉर्न आपोआप सुरू झाला आणि थांबेचना. शेजारची सगळी आळी गॅलरीत! दांड्यातल्या वायरचं रबर झिजून ती आतल्या लोखंडाला लागली होती. अशा वेळी फ्यूज उडत नाही, कारण करंट हॉर्नमधूनच जात असतो. काकांनी ती एक वायर काढली आणि शांतता झाली. मात्र फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाहून ते फार चिडले. आधी कुठल्याशा गॅरेजवाल्याने ती गुंडाळली होती. करंटची बाजू कुठे बॉडीला लागली असती तर चांदी वितळायच्या आधी वायर पेटली असती, आणि गाडीत मुलं बसत होती. फ्यूज काही रुपयांचा, तिथे जुगाड नको.

गेल्या वर्षी हॉर्न पुन्हा मुका झाला. तरुण मेकॅनिक म्हणाला, दोन्ही हॉर्न बदला, डॅशबोर्डवर नवं बटण लावून देतो. पोरगा वाईट नाही, पण त्याने विचारलंच नाही की बिघाड कुठे आहे. जुन्या गाड्यांचा मूळचा माल असाच भंगारात गेला. मी त्याला तीनही कसोट्या करायला लावल्या. हॉर्न चांगला, फ्यूज चांगला. बटण उघडलं तर आतल्या पत्रीवर हिरवट गंज. काचपेपरने घासली आणि हॉर्न वाजला. रिले मात्र मी लावून घेतला, कारण त्यामुळे हॉर्नचा सगळा करंट बटणातून जात नाही आणि पत्री जळत नाही. आवाज जरा बसलेला होता, तोही मागचा स्क्रू किंचित फिरवल्यावर मोकळा झाला.