नाशिकरोडची ‘इरीन’: एकाच रुळातले दोन प्रवाह

रेल्वेचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थांत नाशिकरोडची भारतीय रेल विद्युत अभियांत्रिकी संस्था, म्हणजे ‘इरीन’, वयाने तुलनेने धाकटी. जमालपूरची यांत्रिकी संस्था 1888 ची, सिग्नलवाल्यांची सिकंदराबादची ‘इरिसेट’ 1957 ची, स्थापत्याची पुण्यातली ‘इरिसेन’ 1959 ची. विजेवरची पहिली गाडी मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी धावली. विद्युत अभियंत्यांना स्वतःची संस्था मिळायला मात्र 1988 साल उजाडले.

जागा अगदी योग्य मिळाली. इथून 50 किलोमीटरवर इगतपुरी. मुंबईकडून थळ घाट चढून येणारा 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह तिथे संपायचा आणि भुसावळच्या दिशेने 25 हजार व्होल्टचा एसी सुरू व्हायचा. मुंबई परिसरातला शेवटचा डीसी 2016 मध्ये गेला. इगतपुरीला होती तोवर ही सीमारेषा विद्युत अभियंत्यांसाठी जिवंत प्रयोगशाळाच होती.

हे शिक्षण वीज आणि इंजिनापुरते राहूच शकत नाही. इंजिनाने वरच्या तारेतून घेतलेला प्रवाह रुळांतूनच सबस्टेशनकडे परततो, आणि गाडी कुठे उभी आहे हे सिग्नलला सांगणारे ट्रॅक सर्किटही त्याच रुळांत असते. दोघांची गल्लत झाली तर सिग्नल खोटे बोलेल. म्हणून डीसी मार्गावर ट्रॅक सर्किट एसीचे आणि एसी मार्गावर डीसीचे, तेही एसीला दाद न देणाऱ्या रिलेसह, अशी पद्धत पडली. पुढे 1990 च्या दशकात एबीबी कंपनीची थ्री-फेज इंजिने आली. त्यांच्या कन्व्हर्टरमधून निघणाऱ्या हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरींची, बाधा सिग्नलयंत्रणेला होत नाही ना, हे तपासणेही इंजिनाच्या चाचणीचा भाग झाले. विद्युत आणि सिग्नल ही दोन खाती कागदावरच वेगळी आहेत, असे मला ठामपणे वाटते.

डिसेंबर 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करण्याचा निर्णय घेतला. खात्यांच्या भिंती पाडण्याचा हेतू चांगलाच. पण एकत्रीकरणात सखोल तांत्रिक शिक्षण पातळ होता कामा नये. ओडिशातल्या बहानगा बाजारचा 2 जून 2023 चा रेल्वे अपघात तांत्रिक चुकीची किंमत सांगतो. सिग्नल सर्किटमध्ये केलेल्या फेरबदलातली चूक तिथे शेकडो जिवांवर बेतली. जोडलेली तार प्रमाणित पद्धतीने पुन्हा तपासायची, ही शिस्त वर्गात आणि हातात, दोन्हीकडे रुजवावी लागते.

आता ‘कवच’ हे गाडीचे स्वयंचलित संरक्षण आले आहे. 2020 मध्ये ते राष्ट्रीय प्रणाली ठरले, जुलै 2024 मध्ये त्याच्या 4.0 आवृत्तीला मान्यता मिळाली. स्लीपरवरचे टॅग, स्टेशनातले इंटरलॉकिंग, रेडिओ आणि इंजिनातला संगणक अशी ही साखळी. लोको पायलटने धोक्याचा सिग्नल ओलांडू पाहिला तर ब्रेक आपोआप लागतात. टॅग सिग्नल खात्याचा, इंजिन विद्युत खात्याचे. नाशिकरोड आणि सिकंदराबादच्या प्रशिक्षणार्थ्यांनी काही आठवडे तरी एकाच इंजिनात, एकाच सर्किटवर एकत्र शिकावे.