कृपा की करार?

माणसाने देवाशी कोणत्या नात्याने वागावे, हा प्रश्न संतांनी आणि तत्त्वज्ञांनी पुष्कळ चर्चिला आहे. तोच प्रश्न एका बैठ्या खेळात पन्नास वर्षे घोळत आहे, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल.

या खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातून तो प्रसिद्ध झाला. विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर गायगॅक्स जोडे दुरुस्त करून पोट भरीत असे. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,००० होत्या. खेळात एक जण पंच होऊन काल्पनिक जगाचे वर्णन करतो. बाकीचे एकेका पात्राचे सोंग घेतात, काय करणार ते सांगतात, आणि यशापयश बहुधा फाशांवर ठरते.

पहिल्या नियमांत योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे धर्मोपदेशक, असे तीनच पेशे होते. क्लेरिकची शक्ती देवाची; पण तो देव कोणता, हे पुस्तकात नव्हते. १९७६ साली देवांचे स्वतंत्र पुस्तक निघाले. त्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांबरोबर आपल्याकडील देवही होते. प्रत्येकाच्या जीवबळाचा आकडा दिलेला होता; नॉर्स देवांचा राजा ओडिन याचा ३००. पात्रांना बेसुमार सामर्थ्य वाटणाऱ्या पंचांना लगाम बसावा, हा प्रकाशकांचा हेतू. पण आकडा दिला की तो शून्यावर आणता येतो, हे खेळाडूंना कोणी शिकवावे लागत नाही!

मग नियम कडक झाले. १९७८ च्या पुस्तकातील पॅलेडिन, म्हणजे धर्मवीर, याने मिळकतीचा दहावा हिस्सा धर्मकार्यास द्यावयाचा. जादूच्या वस्तू दहांहून अधिक बाळगावयाच्या नाहीत. आणि जाणूनबुजून एक जरी दुष्कृत्य केले तरी त्याचे पद कायमचे गेले. १९७९ च्या पंचांसाठीच्या पुस्तकाप्रमाणे क्लेरिकची वागणूक देवाला रुचली नाही, तर मागितलेले मंत्र नाकारून त्याला प्रायश्चित्त सांगता येई.

आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालविले, म्हणून आमची नजर येथे अडते. आरोप ठेवणारा, निवाडा देणारा आणि शिक्षा करणारा एकच, म्हणजे पंच. वर दाद मागावी तर कोठे? कारखान्यात अशी व्यवस्था आली की पहिल्याच दिवशी कामगार विचारतो, “साहेब, स्थायी आदेश दाखवा.”

याच सुमारास, १९७८ साली, कॅलिफोर्नियात रूनक्वेस्ट हा दुसरा खेळ निघाला. स्टीव्ह पेरिन आणि त्याच्या सोबत्यांनी तो रचला. त्याचे जग ग्रेग स्टॅफर्डने कल्पिलेले ग्लोरँथा. येथे पात्र एखाद्या देवाच्या पंथात दाखल होते आणि अटी आधीच लिहिलेल्या असतात. दीक्षिताने वेळेचा व मिळकतीचा दहावा भाग द्यावयाचा. वरच्या पदावर गेल्यास दहांतील नऊ भाग. मोबदल्यात मंत्र आणि शिक्षण. संकटात देवाचा धावा केला तर फासा टाकावयाचा. देव धावला, तर पडतील तितके गुण स्वतःच्या आत्मबळातून कायमचे वजा. पंथ सोडणाऱ्यामागे सूड घेणारी भुते लागत. अटी जाचक खऱ्या, पण सही करण्यापूर्वी वाचता येत होत्या.

कोणी म्हणेल, भक्ती ही मजुरी नव्हे. लिखित अटींनी बांधलेला देव देव कसला? आक्षेप वजनदार आहे. खऱ्या भक्ताने हिशोब मागू नये, हे आम्ही समजू शकतो. परंतु खेळातला देव समोर बसलेल्या एका माणसाच्या तोंडून बोलतो. माणसाच्या हाती देवाचा अधिकार आला, की त्याची मर्यादा लिहून घेतलीच पाहिजे.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत पॅलेडिनचे बळ देवाइतकेच त्याच्या स्वतःच्या शपथेतून येते. त्याच पुस्तकातील वॉरलॉक हा कोणा अलौकिक शक्तीशी करार करून विद्या मिळवितो. पण त्या कराराची कलमे ठरविणे पुस्तकाने खेळाडू आणि पंच यांच्यावर सोपविले आहे. ती खेळ सुरू होण्यापूर्वी बसून ठरवावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.