जपानी तरवार कशी पाहावी

तरवार म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें रणांगण उभें राहतें. जपानांत मात्र जुनी तरवार पाहणें हा एक स्वतंत्र अभ्यास मानतात. ती हातीं घेण्यापूर्वीं नमन करावयाचें, पात्याला बोट लावावयाचें नाहीं आणि पातें समोर असतां बोलावयाचें नाहीं. कारण श्वासांतील दमटपणानेंहि त्यावर गंज चढतो. एवढा आदर कशासाठीं, हें तिची घडण समजल्यावांचून कळावयाचें नाहीं.

लोखंडाची वाळू व लोणारी कोळसा मातीच्या भट्टींत तीन दिवस व तीन रात्री जाळून 'तामाहागाने' नांवाचें पोलाद काढतात. लोहार तें तापवितो, ठोकतो, दुमडतो व पुन्हां ठोकतो. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत ते १०२४ होतात. यायोगें मळ निघून जातो व पोलाद एकजीव होतें. या कठीण आवरणाच्या पोटांत बहुधा मऊ लोखंडाचा गाभा घालतात.

खरी कसोटी लागते ती पाणी देतांना. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात, धारेवर पातळ. तापलेलें पातें पाण्यांत बुडवितांच धार झटकन् निवून कठीण होते. पाठ सावकाश निवून चिवट राहते. दोहोंच्या सीमेवर जी धूसर शुभ्र रेषा उमटते, तिला 'हामोन' म्हणतात. ती कोठें सरळ, कोठें लाटांसारखी, तर कोठें लवंगांची रांग मांडल्यासारखी दिसते. ही वरून कोरलेली नक्षी नव्हे. पोलादाच्या अंगींच ती उपजलेली असते. जाणता मनुष्य तीवरून घडणाराचा संप्रदाय व काळ ओळखतो.

मुठींत दडलेल्या बुंध्यावरील गंज मात्र कोणी घासत नाहीं. त्याचा रंग वयाची साक्ष देतो, आणि तेथेंच कारागिराचें नांव कोरलेलें असतें. परंतु नांवें खोटींहि कोरलीं जात. म्हणून आधीं पोलाद वाचावें, मग अक्षरें.

ही विद्या केवळ हौसेची नव्हे. १८७६ सालीं सरकारनें तरवार बाळगण्यास सामान्यतः बंदी केली आणि लोहारांचा धंदा बसला. १९४५ सालच्या पराभवानंतर जेत्यांनीं शस्त्रें जमा करविलीं. असंख्य तरवारी नष्ट झाल्या. तोकुगावा घराण्यांतील 'होन्जो मासामुने' ही नामांकित तरवार त्या वेळीं पोलिसांच्या स्वाधीन झाली. तिचा पत्ता आजतागायत लागलेला नाहीं. अशा समयीं होन्मा जुन्जी यांच्यासारख्या पारख्यांनीं कलाकृति कोणती व निव्वळ हत्यार कोणतें, हें जेत्यांना पटवून दिलें. त्यामुळें कलेच्या दृष्टीनें मोलाच्या तरवारींना सूट मिळाली, आणि १९४८ सालीं त्यांच्या जतनासाठीं एक संस्था स्थापन झाली.

लोहारानें जें अग्नींत घडविलें, तें पाहणाराच्या डोळ्यानें वांचविलें. पारख लोपली असती तर शतकांची ती विद्या मोडीच्या भावानें गेली असती.