कार्बन नॅनोद्रव्ये : निर्मितीपद्धती, संरचना व स्थैर्य – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
कार्बन नॅनोद्रव्यांचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांच्या नावांनी सांगितला जातो. तथापि या इतिहासाला वळण दिले ते निर्मितीपद्धतींनी. एकाच नावाची दोन द्रव्ये वेगवेगळ्या पद्धतींनी तयार केली असता त्यांची संरचना आणि स्थैर्य भिन्न असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

उच्च तापमानाच्या पद्धती
१९८५ मध्ये अमेरिकेतील राईस विद्यापीठात क्रोटो, कर्ल व स्मॉली यांनी हीलियमच्या प्रवाहात ग्रॅफाइटवर लेसरचा मारा करून साठ कार्बन अणूंचा रेणू मिळविला. त्याचे प्रमाण इतके अल्प होते की त्याची गोलाकार रचना अनुमानाच्या पातळीवरच राहिली. १९९० मध्ये क्रॅशमर व हफमन यांनी हीलियममध्ये ग्रॅफाइटच्या कांड्या तापवून काजळी तयार केली आणि बेंझिनच्या साहाय्याने तीतून फुलरिन वेगळे केले. रचनेचा निर्णायक पुरावा त्यानंतरच मिळाला.

१९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इजिमा यांना विद्युत चापातील ऋणाग्रावर बहुभित्तिक नलिका आढळल्या. चापाच्या अत्युच्च तापमानामुळे अशा नलिका सरळ व अल्पदोष असतात. १९९३ मध्ये अजयन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हवेत तापविल्यास नलिकांची टोके प्रथम जळतात. टोक मिटण्यासाठी षट्कोनांच्या जाळीत पंचकोन यावे लागतात. तेथील बंधांवर ताण असल्याने ऑक्सिडीकरणाचा प्रारंभ तेथेच होतो.

रासायनिक बाष्प निक्षेपण
नलिकानिर्मितीचा दुसरा प्रवाह याहून जुना आहे. १९५२ मध्ये सोव्हिएत संशोधक रादुश्केविच व लुक्यानोविच यांनी लोहाच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइडचे विघटन करून तंतूसदृश पोकळ नलिका मिळविल्या होत्या. १९७६ मध्ये ओबरलिन, एंडो व कोयामा यांनी हायड्रोकार्बनच्या विघटनातून अशाच रचना मिळविल्या. पुढे मुकुल कुमार व आंदो यांनी कापरापासूनही नलिका तयार केल्या.

या पद्धतीत तापमान साधारणतः ५०० ते १,००० अंश सेल्सिअस असते. धातूच्या कणाचा आकार नलिकेचा व्यास बव्हंशी ठरवितो. मात्र भिंतींत दोष अधिक राहतात. शिवाय उरलेला धातू ऑक्सिडीकरणास उत्प्रेरक ठरतो व नलिका कमी तापमानाला जळू लागतात. धातू काढण्यासाठी तीव्र नायट्रिक आम्ल वापरल्यास भिंतींवर कार्बोक्सिल गट व नवे दोष निर्माण होतात. म्हणजे शुद्धीकरण हादेखील निर्मितीचाच एक टप्पा होय.

ग्राफीन
हेच सूत्र ग्राफीनलाही लागू पडते. २००४ मध्ये गाइम व नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने सोललेले थर जवळजवळ निर्दोष, पण आकाराने लहान होते. १८५९ मधील ब्रोडी व १९५८ मधील हमर्स-ऑफमन यांच्या पद्धतींनी ग्रॅफाइट ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर मिळते. परंतु ते तापविल्यास विघटित होते. त्याच्या क्षपणानंतरही जाळीत रिक्त जागा उरतात.

निष्कर्ष
नलिकांच्या शोधाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न मॉन्थिऊ व कुझनेत्सोव यांनी २००६ मध्ये उपस्थित केला. १९५२ आणि १९९१ या वर्षांमधील अंतर केवळ प्रसिद्धीचे नाही. त्या दोन निराळ्या पद्धतींच्या नलिका होत्या. म्हणूनच निर्मिती व शुद्धीकरणाची पद्धत न नोंदविता दिलेले स्थैर्याचे आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत. अध्यापनात व संशोधनात द्रव्याच्या नावासोबत त्याच्या निर्मितीचा इतिहास नोंदविणे आवश्यक ठरते.