‘खाडी कुणाच्या नावावर?’ : रोलप्लेइंग गेमचा इतिहास आणि आमची फसलेली प्लेटेस्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा सगळ्यांसाठी आजच्या भागाचा मजकूर. आज जरा वेगळा विषय आहे. इतिहासच, पण टेबलावर बसून खेळायचा.

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी नेरुळच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण जमलो. चहा, वडापाव, पेन्सिली आणि मी लिहिलेली चौदा पानं. ती चौदा पानं म्हणजे माझा स्वतःचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम.

ज्यांनी कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण गेम मास्टर असतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ‘मी आता हे करतो’ असं बोलून खेळतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. दुकानातल्या पुस्तकातले नियम न वापरता घरीच नियम रचले की त्याला होमब्रू म्हणतात. आणि ते नियम चालतात का हे बघायला जे खेळतात, ती प्लेटेस्ट.

मी कॉलेजात असताना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ भरपूर खेळलो. किल्ले, ड्रॅगन, खजिने. मजा यायची. पण एक दिवस लक्षात आलं की त्या काल्पनिक राज्याचा नकाशा मला तोंडपाठ आहे आणि आमच्या सेक्टरला लागून असलेल्या गावठाणाबद्दल काहीच माहीत नाही. मग वाचायला लागलो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं, साधारण ३४४ चौरस किलोमीटर, हे सगळं नव्या शहरासाठी ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडी. आपण ज्या सेक्टरांत राहतो ते सगळे या जमिनीवर आहेत. मला वाटलं, याचाच गेम करूया. काळ १९७० ते १९८४. जागा, खाडीकाठचं एक काल्पनिक गाव.

प्रत्येकाला कॅरेक्टर शीट दिली. चौकटी होत्या: नाव, वय, ताकद, ओळखी आणि जमीन किती गुंठे. जितकी जमीन जास्त तितका बैठकीत तुमचा शब्द जड. मला वाटलं, काय हुशारीने केलंय!

आमच्यातली एक मैत्रीण उरण तालुक्यातल्या गावची. तिने पात्र घेतलं मासळी विकणाऱ्या बाईचं. शीट भरताना विचारलं, "जमीन किती लिहू रे?"

"तुझ्या घरच्यांची असेल ती लिही."

"घरची नाहीच. सातबाऱ्यावर नावच नाही. हिचं सगळं खाडीवर चालतं." मग जरा थांबून म्हणाली, "खाडी कुणाच्या नावावर?"

मी चौदा पानं चाळली. उत्तर नव्हतं. म्हणालो, "आत्तापुरतं शून्य लिही."

आणि तिथेच गेम मेला. पुढचे दोन तास बैठका झाल्या, मोबदल्यावर भांडणं झाली, पण तिचा शब्द नियमानुसार शून्य. ती आधी गप्प झाली, मग फोन काढला. जाताना म्हणाली, "तुझ्या गेममध्ये मी नुसती बसून होते."

मी खचलो. ती पानं कपाटात टाकली आणि हा प्रकार मुळात सुरू कसा झाला ते शोधायला लागलो. आणि मंडळी, इथे मला दिलासा मिळाला. कारण रोलप्लेइंग गेमचा जन्मच मुळी एका फसलेल्या वाटणाऱ्या खेळातून झालाय.

मागून सुरुवात करू. आपल्याकडचं चतुरंग इराण, अरबस्तान करत युरोपात गेलं, त्याचं तिथलं बुद्धिबळ झालं. १७८० मध्ये जर्मनीत हेल्विग नावाच्या माणसाने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर डोंगर, नद्या, तोफा आणल्या. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने पट काढून खरा नकाशा ठेवला, फासे आणले आणि मध्ये एक पंच बसवला. हा ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ. नियम इतके वाढले की एक चाल खेळायला तक्ते धुंडाळत बसावं लागायचं. शेवटी १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने म्हटलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. आजचा गेम मास्टर हा त्या पंचाचा वंशज.

आता १९६९. अमेरिकेतलं मिनेसोटा. डेव्हिड वेसली हा तरुण नेपोलियनच्या काळातला युद्धखेळ घेत होता. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक गाव, दोन सैन्यं येऊन भिडणार. पण खेळायला माणसं जास्त आली. म्हणून त्याने उरलेल्यांना गावातली माणसं वाटली: महापौर, बँकवाला, विद्यापीठाचा प्रमुख, विद्यार्थी. आणि काय झालं? सैन्यं गावात पोचायच्या आधीच खेळाडू उठून दुसऱ्या खोल्यांत गेले, कोपऱ्यात कारस्थानं करायला लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्धच ठरवलं! त्यासाठी नियम कुठे होते? वेसली जागेवर निर्णय देत राहिला. मूळ लढाई झालीच नाही. त्याला वाटलं, खेळ वाया गेला. खेळाडू मात्र विचारत होते, पुन्हा कधी?

त्या खेळाडूंपैकी एक डेव्ह आर्नेसन. त्याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ सुरू केलं. तेच पात्र घेऊन आठवड्यामागून आठवडे खेळायचं, पात्र अनुभवाने वाढायचं. त्याने ते गॅरी गायगॅक्सला दाखवलं आणि दोघांच्या नावावर १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची होती.

म्हणजे लक्षात घ्या, वेसलीचे नियम सैन्यांसाठी होते. महापौराने आणि विद्यार्थ्याने असं काही मागितलं जे नियमांत नव्हतं, आणि त्या मागणीतून नवा खेळ निघाला. माझ्या टेबलावर तेच झालं होतं. फरक एवढाच की वेसलीने जागेवर उत्तर शोधलं आणि मी ‘शून्य लिही’ म्हणालो.

पण एक प्रश्न उरतोच. नियम म्हणजे नुसती सोय असते का? इथे मला आपला मोक्षपट आठवला. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सापशिडीच, पण घराघरावर सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले. शिडी पुण्याची, साप पापाचा, शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये मुलांसाठी विकायला लागले. पुढे घरांवरची नावं गळत गेली आणि उरले नुसते आकडे. पटावर काय लिहायचं आणि काय गाळायचं हे ज्याच्या हातात, त्याचं जग त्या खेळात उतरतं. माझ्या शीटवर ‘जमीन’ ही चौकट होती आणि ‘खाडी’ नव्हती. म्हणजे मी नकळत सातबाऱ्याच्या नजरेने गाव बघितलं होतं.

मग पानं कपाटातून काढली. फासेही बदलले. वीस बाजूंच्या फाशात १ पडो की २०, शक्यता सारखीच, प्रत्येकी ५ टक्के. त्याजागी सहा कवड्या घेतल्या. तोंड वर किती पडल्या ते मोजायचं. कवडी दोन्हीकडे सारखीच पडते असं धरलं तर ६४ पैकी २० वेळा तीन पडतात, आणि सहाच्या सहा फक्त एकदा. म्हणजे बहुतेक दिवस मधलेच, चमत्कार क्वचित. तीन किंवा जास्त पडल्या की काम झालं, साधारण तीनातून दोनदा. अर्थात खऱ्या कवड्या टाकून बघितल्या तर प्रत्येकीचा स्वभाव वेगळा निघाला! ते तसंच राहू दिलं.

‘जमीन’ची चौकट खोडून तिथे दोन प्रश्न लिहिले: तुझं पोट कशावर चालतं? आणि ते कुठे लिहिलेलं आहे? दुसऱ्याचं उत्तर ‘कुठेच नाही’ असलं तर साक्षीदार गोळा करत गावभर फिरायचं, आणि जमवलेला प्रत्येक साक्षीदार म्हणजे एक जादा कवडी. मासळीवालीला आता सगळ्या गावात काम होतं.

दुसरी प्लेटेस्ट मैत्रिणीच्या गावी झाली, उरण लोकलने गेलो. तिची आत्या बाजूला बसून तांदूळ निवडत होती. खेळली नाही, पण मध्येच म्हणाली, "सकाळ-दुपार काय लिहिलंयस बाळा? खाडीवर जाणाऱ्याचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो." बरोबरच होतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आता आमच्या गेममध्ये फेऱ्या घड्याळाच्या नाहीत, पाण्याच्या आहेत.

शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यात अवघड. १६ आणि १७ जानेवारी १९८४. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासई आणि नवघर परिसरात गोळीबार झाला. पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना याच लढ्यातून पुढे आली. माझ्या जुन्या पानांत त्या दिवसासाठी फासा होता: कमी पडला तर पात्र मेलं.

आत्या काहीच बोलली नाही. मैत्रीण म्हणाली, "त्या दिवशी कवडी नको."

मग नियम असा झाला: खेळ १५ जानेवारीच्या रात्री थांबतो. प्रत्येकाने आपलं पात्र उद्या का जाणार किंवा का नाही जाणार, ते सांगायचं. कवड्या पिशवीत. पुढचा प्रसंग थेट काही महिन्यांनंतरचा.

त्या रात्री मासळीवालीने सांगितलं की ती जाणार. सातबाऱ्यावर नाव नसताना का, असं मी गेम मास्टर म्हणून विचारलं. तिने उत्तर दिलं, आत्याकडे बघत. ते उत्तर मी इथे लिहित नाही, ते त्या टेबलावरचं आहे.

गेम अजून पूर्ण नाही. पानं चौदाची नऊ झालीत. तुमच्या घरी कुणी मिठागरात, खाडीवर किंवा भातशेतीत काम केलं असेल, तर आज जेवताना एक प्रश्न विचारा: तुमचा दिवस कशावर चालायचा? काय उत्तर मिळालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!