गोल्फचं हिरवं रान, खासबागेचा हौद आणि आपलं मोकळं मैदान

बेळगावच्या गोल्फ कोर्सवर बिबट्या शिरला होता, आठवतंय का? ऑगस्ट २०२२. जाधवनगरात एका बांधकाम मजुरावर झेप घेतली आणि पठ्ठ्या गोल्फच्या झाडीत गडप झाला. आजूबाजूच्या शाळा बंद, पिंजरे लावले, ड्रोन फिरवले, शेवटी शिमोग्याजवळच्या सक्रेबैल कॅम्पातून हत्ती आणले. आठवडे उलटले तरी गडी काय हाताला लागला नाही. आम्ही इकडे शाहूपुरीत चहाच्या गाड्यावर बसून हसत होतो. तेवढ्यात एक मित्र म्हणाला, "हसू नका, पण ऐन शहरात बिबट्या लपेल एवढी झाडी त्यांच्याकडं राहिलीच कशी?"

प्रश्न मजेचा वाटला, पण डोक्यातनं गेला नाही. उत्तर शोधायला गेलं की इतिहास लागतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

इंग्रजांनी १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढं तिथं छावणी बसवली. छावणी म्हटली की बरोबर बंगले, चर्च, क्लब, घोड्यांची शर्यत आणि गोल्फ. हे सगळं थोड्या लोकांसाठी. १८ होलच्या कोर्सला साधारण सव्वाशे-दीडशे एकर लागतात. दीडशे एकर म्हणजे सहा हजार गुंठे! आपल्याकडं एका गुंठ्यासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो, तिथं हा हिशोब करून बघा.

गोल्फची मैदानं ढोबळमानानं दोन तऱ्हेची. एक समुद्रकाठच्या वाळूवरची, उघडी, वाऱ्याची. दुसरी आत जमिनीवर, मोठाल्या झाडांच्या रांगांमधून गेलेली, बागेसारखी. आपल्या भागातली बहुतेक दुसऱ्या प्रकारची. मेंबरला तिथं काय मिळतं? नुसता खेळ नव्हे. सकाळची चार तासांची चाल, सावली, पक्षी, शेवटी क्लबातला नाश्ता आणि ओळखी. ओळखी सगळ्यांत महत्त्वाच्या. पाहुण्याला मेंबरबरोबर यावं लागतं, नाहीतर जिथं परवानगी असेल तिथं दिवसाची फी भरायची. यात एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते, ती म्हणजे हँडिकॅप. कच्च्या खेळाडूला ठरलेले फटके माफ मिळतात, म्हणून साठीचा काका आणि वीस वर्षांचा पोरगा एकाच डावात बरोबरीनं खेळू शकतात. कुस्तीत पंच तोलामोलाची जोड लावतात, इथं आकड्यानं जोड लागते.

आता खरी गंमत. हा खेळ ज्या गावानं जगाला दिला, त्या स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये मैदानाला फाटकच नाही. ती जमीन गावाची. १५५२ च्या एका सनदेत तिथल्या आर्चबिशपनं गावकऱ्यांचा त्या गवताळ वाळूवरचा हक्क लिहून मान्य केला, त्यात गोल्फ खेळण्याचा हक्कही आला. पुढं १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि जमीन हातची गेली. ती सशांचा धंदा करणाऱ्यांकडं आली. सशांनी सगळीकडं बिळं केली, खेळणारे चिडले, भांडणं आणि कोर्टकचेऱ्या वीसेक वर्षं चालल्या. शेवटी १८२१ मध्ये चीप नावाच्या एका जमीनदारानं जमीन विकत घेतली आणि खेळ वाचला. पुढं जमीन परत गावाकडं आली. आज जगातले मोठमोठे खेळाडू जिथं खेळायला धडपडतात, ते ओल्ड कोर्स रविवारी बंद असतं. म्हणजे खेळाला बंद. लोक कुत्री घेऊन, पोरं घेऊन त्यावर फिरायला येतात.

म्हणजे फाटक खेळाचं नव्हे. ते वाटेत कुठंतरी लागलं.

मुंबईत ते कसं लागलं, याची एक नोंद आहे. १८८१ साली एस्प्लनेडच्या मैदानात गोरे साहेब पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी पारशी, हिंदू पोरांच्या क्रिकेटची जमीन उखडून जाई. गोऱ्यांच्या जिमखान्याचं स्वतःचं क्रिकेट मैदान मात्र कुंपणात सुरक्षित! चारशेच्या वर देशी लोकांनी सह्या करून गव्हर्नरकडं अर्ज केला. पोलो हलवायचा हुकूम निघालाही, पण नंतर तो फिरवला गेला. या भांडणाची सगळी हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या पुस्तकात लिहून ठेवली. त्यांनी लिहिलं नसतं तर आज कुणाला माहीत असतं?

मग विलिंग्डन क्लब आला. देशी पाहुण्यांना गोऱ्यांच्या क्लबात प्रवेश नाही, म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी दोघांनाही घेणारा क्लब काढला, असं सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरची गोष्ट. पाऊल चांगलंच, पण कातडीच्या रंगाचं कुंपण काढून तिथं पैशाचं लावलं, एवढंच म्हणायचं.

तरी त्या कुंपणातूनही माणसं आत आली, बॅगा उचलत आणि गवत कापत. दिल्लीचा अली शेर कॅडी होता, त्यानं १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. कोलकात्याच्या रॉयल क्लबमध्ये गवत राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला. ज्यांच्यासाठी मैदान नव्हतंच, त्यांनी ते नुसतं बघून पाठ केलं.

आता आपल्या गावाकडं या. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये राज्यारोहणाच्या समारंभाला इंग्लंडला गेले. त्याच दौऱ्याच्या काळात, २६ जुलैला, इथं ५० टक्के राखीव जागांचा हुकूम निघाला. त्याच सफरीत त्यांनी रोमचं जुनं गोल रिंगण बघितलं आणि परत आल्यावर खासबाग बांधायला घेतलं, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मैदान १९१२ मध्ये पुरं झालं. मध्ये हौद, चारी बाजूंनी चढत जाणारा उतार. कुठंही बसा, मल्ल दिसणार. महाराजांना गोऱ्या साहेबांचे क्लब आणि पोलो माहीत नव्हते थोडेच! पण बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी हजारो लोक मांडी घालून बसतील अशी जागा बांधली. शेजारी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर. तेच केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या डोळ्यांदेखत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

आता थोडं कडू बोलतो. बेळगावचं ते रान टिकलं, कारण ते मूठभरांचं होतं आणि त्या मूठभरांनी ते जपलं. आपली मैदानं सगळ्यांची. म्हणून तिथं आज प्रदर्शन, उद्या सभा, परवा लग्नाचा मांडव आणि एरवी पार्किंग. खिळे आणि खड्डे पोरांना. मेंबराला आपल्या हिरवळीवर एक सिगारेटचं थोटुक चालत नाही, आपल्याला मैदानात अख्खा ट्रक चालतो. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांवर एवढी वर्षं वाद झाला आणि २०२४ मध्ये १२० एकर पालिकेच्या सेंट्रल पार्कला द्यायचं ठरलं. चांगलं वाटलं. पण सगळ्यांचं झाल्यावर ते राखणार कोण, ही धाकधूक मला तरी आहेच.

आपली शाहूपुरी १८९५ ची, महाराजांनी व्यापारासाठी वसवलेली. रेल्वे आली १८९१ ला, तिच्या जवळच ही पेठ. गूळ, वखारी, गाड्या यांचा सगळा हिशोब होता, तरी मध्ये मोकळे तुकडे होतेच. आमच्या लहानपणीसुद्धा दोन-तीन होते, विटांचे स्टंप मांडून खेळलोय तिथं.

म्हणून शाहूपुरीतल्या जुन्या मंडळींना एक विनंती. तुमच्या लहानपणी कुठल्या गल्लीत, कुठल्या वखारीमागं मोकळी जागा होती, तिथं काय खेळायचा आणि आज तिथं काय उभं आहे, तेवढं लिहून पाठवा. जुना फोटो असेल तर सोन्याहून पिवळं. पुढच्या महिन्यात नकाशावर खुणा करायला बसतोय.